अनुकरण, चौर्य आणि श्रेय : चित्रकारांच्या समाजातील एक जुना शिष्टाचार

कलेच्या क्षेत्रात ‘स्वतंत्र निर्मिती’ या शब्दाला आज फार मान आहे. एखाद्या चित्राविषयी ‘हे दुसऱ्यावरून घेतलेले आहे’ असे कोणी म्हटले, तर तो चित्रकारावर केलेला आरोपच समजला जातो. परंतु कलेच्या इतिहासाकडे पाहिले, तर असे आढळते की, दुसऱ्याचे पाहून काढणे हाच चित्रविद्या शिकण्याचा राजमार्ग होता आणि थोर चित्रकारांनीही तो आयुष्यभर सोडला नाही. मग अनुकरण कोठे संपते आणि चौर्य कोठे सुरू होते? चित्रकारांच्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेत शोधले नाही. ते त्याने आपल्या रोजच्या व्यवहारात, कामाच्या वाटणीत आणि चित्राखाली लिहिलेल्या लहानशा ओळींत दिले. त्या ओळी काय सांगतात, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

साम्याचे तीन प्रकार

प्रथम शास्त्रकारांचे मत पाहू. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात हा प्रश्न काव्याच्या संदर्भात उपस्थित केला आहे. बुद्धिमान माणसांच्या कल्पना एकमेकींशी जुळणे स्वाभाविक आहे, हे तो आरंभीच मान्य करतो. या जुळण्याला तो ‘संवाद’ म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार सांगतो. पहिला आरशातील प्रतिबिंबासारखा, दुसरा एखाद्या वस्तूच्या चित्रासारखा आणि तिसरा दोन माणसांच्या शरीरांत आढळणाऱ्या सारखेपणासारखा.

प्रतिबिंबाला स्वतःचे असे काहीच नसते, म्हणून पहिला प्रकार त्याज्य होय. चित्राला स्वतःचे काही असते खरे, पण ते अल्प असते, म्हणून दुसराही टाळावा. तिसऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. दोन माणसे दिसायला कितीही सारखी असली, तरी ती एकच आहेत असे कोणी म्हणत नाही, कारण प्रत्येकाच्या ठिकाणी वेगळा जीव असतो. कवीने पूर्वसूरींचा विषय घेतला, मांडणीही घेतली, तरी त्यात त्याचा स्वतःचा प्राण असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

ही कसोटी आजही टिकणारी आहे. परंतु ती सर्वस्वी कृतीविषयीची कसोटी आहे. कृतीमागे जो माणूस असतो, त्याच्या हक्काचे काय? ज्याचे घेतले त्याचा उल्लेख करावा की नाही? ज्याने राबून काढले त्याचे नाव राहावे की नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी शास्त्रग्रंथांकडून प्रत्यक्ष चित्रशाळेकडे वळले पाहिजे. भारतात ज्या चित्रशाळेच्या नोंदी सर्वांत विपुल प्रमाणात उरल्या आहेत, ती अकबर बादशहाची चित्रशाळा होय.

एक चित्र, तीन हात

अकबराने १५५६ ते १६०५ या काळात राज्य केले. त्याचा पिता हुमायून याने इराणातून मीर सय्यद अली व अब्दुस्समद हे दोन चित्रकार आपल्या पदरी आणले होते. त्यांच्या देखरेखीखाली अकबराच्या चित्रशाळेने जे पहिले मोठे काम हाती घेतले, ते म्हणजे ‘हम्झानामा’. कापडावर काढलेली सुमारे चौदाशे मोठी चित्रे असलेला हा ग्रंथ पूर्ण होण्यास पंधरा-एक वर्षे लागली. आज त्यांपैकी दोनशे चित्रेही शिल्लक नाहीत. एवढे प्रचंड काम एकट्यादुकट्याचे असणे शक्यच नव्हते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले हिंदू व मुसलमान चित्रकार या कामाच्या निमित्ताने एका छपराखाली बसून इराणी उस्तादांकडून शिकले आणि त्यांच्या हातातील देशी वळण त्या इराणी शैलीत मिसळून गेले.

येथे कामाची वाटणी ठरलेली असे. एक ज्येष्ठ चित्रकार चित्राची मांडणी व रेखाटन करी. दुसरा, बहुधा कनिष्ठ, त्यात रंग भरी. काही चित्रांत प्रमुख व्यक्तींचे चेहरे काढण्याचे काम तिसऱ्या, त्या विद्येत निष्णात असलेल्या चित्रकाराकडे सोपवले जाई. मांडणीला ‘तरह’ म्हणत, रंगकामाला ‘अमल’ आणि चेहऱ्यांच्या कामाला ‘चेहरा नामी’. आपल्या भाषेतील ‘तऱ्हा’ आणि ‘अंमल’ हे शब्द याच कुळातले आहेत, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या वाटणीची लेखी नोंद ठेवली जाई. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘अकबरनामा’ या ग्रंथाची ११६ चित्रे आहेत. त्यांच्या खालच्या कडेला कारकुनाने तांबड्या शाईने चित्रकारांची नावे लिहून ठेवली आहेत. १५६१ मध्ये अकबर ‘हवाई’ नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसून ‘रणबाघ’ या हत्तीचा पाठलाग करीत यमुनेवरील नावांच्या पुलावर गेला आणि पूल मोडू लागला, हा प्रसंग या ग्रंथात चित्रित झाला आहे. पाण्यात उडी घेणारी माणसे, उलटणाऱ्या नावा आणि या गोंधळात निश्चिंत बसलेला तरुण बादशहा असे ते चित्र आहे. त्याखालील नोंदीनुसार मांडणी बसावनाची आणि रंगकाम चेतराचे. बसावनाचे नाव कलेच्या इतिहासात मोठे आहे, चेतराचे तितकेसे नाही. तरीही मोठ्या नावाने लहान नाव गिळून टाकले नाही. दोन्ही नावे एकाच शाईने, एकाच कडेवर लिहिलेली आहेत.

ही पद्धत औदार्यातून निर्माण झाली, असे मानण्याचे कारण नाही. अबुल फजल ‘आईन-इ-अकबरी’त सांगतो की, दारोगे व कारकून दर आठवड्याला चित्रकारांचे काम बादशहापुढे मांडीत आणि कामाच्या गुणवत्तेप्रमाणे इनाम मिळे किंवा वेतनात वाढ होई. ज्याला इनाम द्यावयाचे, त्याचे काम कोणते हे ठाऊक असणे आवश्यकच होते. म्हणजे श्रेयाच्या नोंदीचा उगम हिशेबाच्या वहीत आहे. पण त्या हिशेबाने जे साधले, ते केवळ सद्भावनेने क्वचितच साधले असते.

दसवंताचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढीत असे. बादशहाची नजर त्याच्यावर पडली आणि त्याला अब्दुस्समदच्या हाती शिकण्यासाठी सोपवण्यात आले. थोड्याच काळात तो सर्वांच्या पुढे गेला. अबुल फजलने चित्रशाळेतील अग्रगण्य अशा ज्या चौघांचा गौरव केला आहे, त्यांत मीर सय्यद अली, अब्दुस्समद व बसावन यांच्या जोडीने दसवंत आहे. पुढे त्याला मानसिक विकार जडला आणि १५८४ मध्ये त्याने आत्महत्या केली. महाभारताच्या ‘रज्मनामा’ या फारसी भाषांतराची जी सचित्र प्रत जयपूरला आहे, तिच्यातील कित्येक चित्रांची मांडणी दसवंताची आहे. रंग मात्र इतरांनी भरलेले आहेत. कारकुनाने ‘तरह दसवंत’ असे लिहून ठेवले नसते, तर रंगांच्या थराखाली दडलेली त्याची प्रतिभा आपल्याला ओळखता आली नसती.

चरबा

आता प्रत्यक्ष नकलेकडे वळू. नक्कल करण्याचे या चित्रकारांचे साधन म्हणजे ‘चरबा’. हरणाच्या पारदर्शक होईपर्यंत पातळ केलेल्या कातड्याचा तुकडा मूळ चित्रावर ठेवीत आणि त्यावर आकृतीची रेषा उतरवून घेत. नंतर त्या रेषेवर सुईने बारीक छिद्रे पाडीत. हा तुकडा कोऱ्या कागदावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच आपटली की, छिद्रांतून पूड झिरपून खाली ठिपक्यांची आकृती उमटे. ते ठिपके जोडून कुंचल्याने रेषा पक्की केली जाई.

असे चरबे उस्तादाकडून शिष्याकडे आणि बापाकडून मुलाकडे जात. एकच हत्ती, एकच धावता घोडा, एकच ध्यानस्थ साधू अनेक चित्रांत उजवीकडून डावीकडे उलटून, लहानमोठा होऊन पुन्हा पुन्हा येतो, तो या चरब्यांमुळेच. यात लपवाछपवी मुळीच नव्हती. चरबा म्हणजे त्या समाजाची सामाईक पेढी होती. शिकणाऱ्याने तिच्यातून उचल करावी आणि जाणते झाल्यावर आपल्या नव्या आकृतींची भर घालून ती फेडावी, अशी अपेक्षा होती. जो नुसतीच उचल करी, त्याला कोणी चोर म्हणत नसे. तो उस्तादही होत नसे, इतकेच.

मूळ चित्रकाराचे नाव घेण्याची पद्धतही होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व सोळाव्याच्या आरंभी होऊन गेलेला हेरातचा बिहजाद हा फारसी परंपरेत चित्रकारांचा मेरुमणी मानला जातो. त्याने काढलेले उंटांच्या झुंजीचे चित्र मोगल चित्रकारांनी पुढे घेतले. अब्दुस्समदने वृद्धापकाळी आपल्या मुलासाठी आठवण म्हणून त्याच मांडणीवर स्वतःचे चित्र रचले. पुढे १६०८-०९ च्या सुमारास नन्हा या चित्रकाराने त्याची नक्कल केली. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यातील ग्रंथालयात ‘गुलशन’ नावाचा जो मोगल चित्रसंग्रह आहे, त्यात याविषयी जहांगीर बादशहाची स्वहस्ते लिहिलेली नोंद आहे. काम उस्ताद बिहजादचे, ते पाहून नक्कल केली नन्हाने आणि तीही आपल्या आज्ञेवरून, असा तिचा आशय आहे.

या छोट्या नोंदीत तीन माणसे तीन जागी नीट बसलेली आहेत : ज्याची कल्पना तो, ज्याचा हात तो आणि ज्याने काम करविले तो. नन्हाच्या चित्राला कमीपणा यावा म्हणून बिहजादचे नाव लिहिलेले नाही. उलट, एवढ्या थोर उस्तादाचे काम ज्याच्यावर विश्वासाने सोपवले, त्या नन्हाचा त्यात गौरवच आहे. आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांपैकी अब्दुस्समदचे चित्र तिसऱ्यात सहज बसेल. नन्हाचे कदाचित पहिल्या दोहोंपैकी एकात जाईल. परंतु ज्या नकलेने आपले मूळ सांगितले आहे, तिला चौर्य म्हणता येत नाही. मूळ सांगितल्याबरोबर तिची जात बदलते आणि ती अभ्यास, सेवा किंवा जतन यांपैकी एक होऊन बसते.

नावाची चोरी

या प्रश्नाची दुसरी बाजू याच काळात युरोपातही उभी राहिली होती. आल्ब्रेख्ट ड्यूरर (१४७१–१५२८) हा न्यूरेंबर्गचा चित्रकार. त्याच्या काष्ठमुद्रा व ताम्रमुद्रा सबंध युरोपात विकल्या जात. आपल्या नावाच्या आद्याक्षरांची एक खूण तो प्रत्येक ठशावर कोरी. मार्कांतोनियो रायमोंदी या इटालियन ताम्रमुद्राकाराने त्याच्या ‘मेरीचे जीवन’ या चित्रमालिकेच्या नकला ती खूणही जशीच्या तशी ठेवून बाजारात आणल्या. या संघर्षाची जी हकीकत वासारी या इटालियन चरित्रकाराने सांगितली आहे, तिच्यातील सर्व तपशील विद्वानांना मान्य नाहीत. परंतु त्यातून निघालेला निर्णय म्हणून तो जे सांगतो, ते लक्षणीय आहे. चित्रांची नक्कल करण्यास बंदी झाली नाही, बंदी झाली ती ड्यूररची खूण वापरण्यास.

याच धोरणाला न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेच्या १५१२ मधील एका आदेशाने पुष्टी मिळते. एक परका विक्रेता नगरगृहासमोर ड्यूररची खूण असलेल्या नकली मुद्रा विकत होता. या खुणा काढून टाकाव्यात, नाहीतर माल जप्त करण्यात येईल, असे त्याला बजावण्यात आले. स्वतः ड्यूररला एवढ्याने समाधान वाटले नव्हते. १५११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या चित्रपुस्तकांच्या अखेरीस त्याने दुसऱ्याचे श्रम व कल्पना चोरणाऱ्यांना कडक शब्दांत इशारा दिला होता. म्हणजे कल्पनाही आपली आहे, अशी कलावंताची भावना होती. समाजाने मात्र त्या वेळी एवढेच मान्य केले की, नाव त्याचे आहे.

नावाची चोरी दोन दिशांनी होते. एक, दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालणे. दोन, आपल्या कामावर दुसऱ्या मोठ्या माणसाचे नाव घालणे. पूर्वेकडे हा दुसरा प्रकार फार बोकाळला. बिहजादचे नाव मागाहून लिहिलेली कितीतरी चित्रे जगभरच्या संग्रहांत आहेत. चित्राची किंमत वाढवण्यासाठी मालकांनी व व्यापाऱ्यांनी हा उद्योग केला. त्यामुळे बिहजादची कीर्ती वाढली असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात त्याचे खरे काम कोणते हे ठरविणे अवघड होऊन बसले आणि ज्यांनी ती चित्रे खरोखर काढली, त्यांची नावे कायमची बुडाली.

मेणबत्तीच्या उजेडात

ड्यूररची मुद्राचित्रे आणि मोगल चित्रशाळा यांची गाठ लवकरच पडली. अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्री येथे पोहोचले. त्यांनी बरोबर अँटवर्प येथे छापलेला अनेक भाषांतील बायबलचा ग्रंथ व काही चित्रे आणली होती. त्यानंतर युरोपीय मुद्राचित्रांचा ओघ सुरू झाला आणि चित्रशाळेतील तरुणांनी ती अभ्यासासाठी पुढ्यात घेतली.

अशा अभ्यासाचे एक सुंदर उदाहरण ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियन म्युझियममध्ये आहे. १६०० साली काढलेले हे रेखाचित्र अबुल हसन या मुलाचे आहे. ड्यूररच्या १५११ मधील ‘क्रूसारोहण’ या ताम्रमुद्रेतील संत जॉनची आकृती त्याने तेवढी वेगळी काढून घेतली आहे. आपण तेराव्या वर्षात असल्याचे त्याने चित्रावर नमूद केले आहे. वस्त्रांच्या चुण्या आणि दुःखाने जुळलेले हात यांत नुसती हुबेहूब नक्कल नाही, तर उमलत्या हाताची जाणीव आहे. हाच मुलगा पुढे जहांगीरचा आवडता चित्रकार झाला आणि १६१८ मध्ये त्याला ‘नादिर-उझ्-झमान’ हा किताब मिळाला.

येथे एक उणीव मात्र दिसते. अबुल हसनने आपले नाव व वय लिहिले, पण मूळ चित्रकाराचे लिहिले नाही. त्याच्या दृष्टीने ते दूर देशातून आलेले, धन्याचे नाव नसलेले एक चित्र असावे. बिहजाद हा आपल्या परंपरेतला उस्ताद, म्हणून त्याचे नाव आदराने घेतले गेले. सात समुद्रांपलीकडच्या ड्यूररला तो शिष्टाचार लागू झाला नाही. ज्याला आपण आपल्या समाजाचा मानतो, त्याचेच श्रेय आपल्याला आठवते, ही मनुष्यस्वभावातील मर्यादा आहे. परक्याचे घेताना ती विशेष सांभाळावी लागते.

नकलेतील कौशल्याचे कौतुक मात्र या दरबारात उघडपणे होई. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१६ मध्ये अजमेर येथे जहांगीरच्या दरबारात असताना त्याच्याजवळ एक लहान इंग्रजी चित्र होते. आपला चित्रकार त्याची अशी नक्कल करील की, तुम्हाला स्वतःचे चित्र ओळखता येणार नाही, अशी बादशहाच्या बाजूने पैज लागली. एका रात्री मूळ चित्र आणि पाच नकला रोच्या समोर एकत्र मांडण्यात आल्या. मेणबत्तीच्या उजेडात निवड करताना आपली पंचाईत झाली, अशी कबुली रोने आपल्या रोजनिशीत दिली आहे. शेवटी त्याने आपले चित्र ओळखले, तरी चित्रकाराची प्रशंसा त्याला करावीच लागली.

आता हाच प्रसंग बाजारात घडला असता, सहांपैकी कोणतेही चित्र मूळ म्हणून रोच्या गळ्यात बांधले असते, तर त्याला आपण फसवणूक म्हटले असते. कौशल्य तेच, चित्रे तीच. फरक एवढाच की, दरबारात नक्कल ही नक्कल म्हणून मांडली होती. जहांगीरला या भेदाची उत्तम जाण होती. एकाच चित्रात चेहरा एकाचा आणि डोळे व भुवया दुसऱ्याच्या असल्या, तरी कोणते काम कोणाचे हे आपण सांगू शकतो, असे त्याने आत्मचरित्रात अभिमानाने लिहिले आहे. हा दावा खरा असो वा अतिशयोक्त, ज्या समाजात पाहणारा असा आहे, तेथे नक्कल करणाऱ्यालाही आपला हात लपविण्याची गरज वाटत नाही.

एका नोंदीचे मोल

श्रेयाची नोंद नसेल तर काय होते, हे समजण्यासाठी एका लहान चित्राकडे पाहावे. संत सेसिलियाच्या हौतात्म्याचे हे चित्र सतराव्या शतकाच्या आरंभीचे असून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. हिएरोनिमुस विरिक्स या अँटवर्पच्या ताम्रमुद्राकाराच्या चित्रावरून ते काढलेले आहे. त्यावर नाव आहे ‘नीनी’. हे एका स्त्रीचे नाव आहे. ती कोण, कोठली, कोणाची शिष्या, यांपैकी काहीही त्यावरून कळत नाही. गुलशन संग्रहात नादिरा बानू या दुसऱ्या एका स्त्रीचे युरोपीय धर्तीचे काम आहे. तेथे ती मीर तकीची मुलगी व आका रिझाची शिष्या असल्याचे नमूद केले आहे. आका रिझा म्हणजे अबुल हसनचा पिता.

या दोघींचे जे काम आपल्यापर्यंत आले, ते परक्या चित्रांवरून केलेले अभ्यासाचे काम आहे. स्वतंत्र निर्मितीच्या आजच्या मोजपट्टीने त्याला दुय्यम स्थान मिळेल. परंतु मोगल काळात स्त्रिया चित्रविद्या शिकत होत्या, त्यांना गुरू होते आणि आपल्या कामावर त्यांची नावे राहत होती, ही गोष्ट आपल्याला या नकलांवरील दोन ओळींमुळेच समजते. पुढच्या काळात चित्रसंग्रह नव्याने बांधताना कडा कापल्या गेल्या, नवी वेलबुट्टी चिकटविली गेली आणि त्या कात्रणांबरोबर किती नावे केराच्या टोपलीत गेली असतील, याचा अंदाजही करता येत नाही. कात्रीने चित्राला इजा झाली नाही, पण चित्रकार नाहीसा झाला.

घराण्याची शैली

पहाडी चित्रकलेच्या अभ्यासात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने प्रत्ययास आली. हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतील ही चित्रे पूर्वी गुलेर, कांगडा, बसोहली अशी संस्थानांच्या नावाने ओळखली जात. चित्रकारांची नावे फारशी ठाऊकच नव्हती. ब्रिजेंद्रनाथ गोस्वामी या विद्वानाने हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्या चाळल्या. यात्रेला आलेल्या माणसाचे कुळ, गाव व पूर्वज यांची नोंद या वह्यांत असते. त्यांतून चित्रकारांची घराणी उभी राहिली. शैली ही संस्थानाची नसून घराण्याची असते, हा सिद्धांत गोस्वामींनी १९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात मांडला.

नैनसुख हा अठराव्या शतकातील थोर चित्रकार १७६३ मध्ये आपला आश्रयदाता बलवंत देव सिंग याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला होता. तेथील वहीत त्याने स्वतः नोंद करून एक रेखाचित्रही काढले. दरबारी इतिहासाने ज्याची दखल घेतली नाही, त्या माणसाचा बाप सेऊ आणि आजा हसनू यांची नावे अशा एका वहीत सुरक्षित राहिली. नैनसुखाचा भाऊ मानकू याने १७३० मध्ये ‘गीतगोविंदा’ची चित्रे काढली. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी त्याच घराण्यातील पुढच्या पिढीने तेच काव्य पुन्हा चित्रित केले. विषय तोच, घराणे तेच, पण सपाट रंगांच्या त्या करारी जगाच्या जागी वृक्ष, नदी आणि चांदणे यांनी ओलावलेले कोमल जग आले. आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेला तिसरा प्रकार याहून चांगल्या रीतीने दाखविता येणार नाही.

आजचा व्यवहार

आता या इतिहासाचा आजच्या व्यवहाराशी संबंध पाहून हे विवेचन पुरे करू. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याला एक विशेष हक्क दिला आहे. कृतीचे स्वामित्व त्याने दुसऱ्याला विकून टाकले, तरी ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा हक्क त्याच्यापाशी राहतो. अकबराच्या कारकुनाने तांबड्या शाईने जे केले आणि न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेने ज्याचे रक्षण केले, त्याचेच हे कायद्यातील रूप होय. परंतु शैलीला कायदा संरक्षण देत नाही आणि ते योग्यही आहे. शैली कुलूपबंद केली, तर शिष्य कोठून शिकणार?

जे क्षेत्र कायद्याने मोकळे सोडले आहे, ते शिष्टाचाराने सांभाळावे लागते. आज इंटरनेटमुळे चित्रकारांचे समाज एका छपराखाली बसत नाहीत. एका देशातील मुलीने काढलेले चित्र क्षणात दुसऱ्या देशातील मुलाच्या पुढ्यात येते. त्यावरची सही काढून टाकण्यास कात्रीचीही गरज उरलेली नाही. असंख्य चित्रकारांच्या कामावरून शिकलेली यंत्रे मागितल्याबरोबर कोणाच्याही शैलीत चित्र तयार करून देतात आणि ते कोणाकोणाच्या हातांतून आले, याची नोंद त्या चित्रासोबत येत नाही. साधने नवी आहेत, पण प्रश्न चरब्याचाच आहे.

म्हणून जुन्या चित्रशाळेने व्यवहारात आणलेले चार नियम आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. शिकण्यासाठी अवश्य घ्यावे, पण ज्याचे घेतले त्याचे नाव त्याच कागदावर लिहावे. एकाहून अधिक हात लागले असतील, तर प्रत्येकाचा वाटा वेगळा सांगावा. नक्कल ही नक्कल म्हणूनच मांडावी, विशेषतः तिचे पैसे घ्यावयाचे असतील तेव्हा. आणि सामाईक पेढीतून जेवढी उचल केली, तेवढी केव्हातरी स्वतःची भर घालून फेडावी. पाचवा नियम त्या चित्रशाळेला जमला नाही, तो आपण जोडला पाहिजे : मूळ चित्रकार परका, दूरचा किंवा अनोळखी असला, म्हणजे त्याचे नाव शोधण्याचे कष्ट अधिक घ्यावेत.

निर्दोष स्वतंत्र असा चित्रकार आजवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही. प्रत्येकाचा हात कोणाच्या तरी हातावर ठेवूनच चालू लागतो. खालचा हात कोणाचा होता, हे सांगितल्याने वरच्या हाताचे काहीही उणे होत नाही. नीनीच्या चित्रावर दोन अक्षरे लिहिण्यास लिहिणाऱ्याला क्षणभरच लागला असेल. त्या एका क्षणामुळे चारशे वर्षांनंतरही ती आपल्याला नावाने ओळखता येते.